विमानाचे नाक आणि सुभानरावांचे पाणी

श्री. जो वाऱ्यास वाट देतो आणि विहिरीस झरा देतो, ज्याच्या इच्छेने पाणी उकळते व ज्याच्याच इच्छेने निवते, त्यास साष्टांग नमन करोन हे लिहावयास घेतले. शके अठराशे चाळीस, कालयुक्त नाम संवत्सर, चैत्रमास, ते समयी राज्यात जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहोन ठेवावे ऐसी आज्ञा, म्हणोन लिहितो. पदरचे काही घालणार नाही. घालावयाची गरजही नाही, इतके मूळचेच विचित्र आहे.

राज्य कोणते हे पुसू नये. डोंगरमाथ्यावरचे राज्य, थंड हवेचे, जेथे भर उन्हाळ्यातही लोक खांद्यावरचे उपरणे उतरवीत नाहीत. महाराज पराक्रमी आणि मनाचे मोठे, परंतु एक खोड अशी की अर्धे वाक्य ऐकिले की उरलेले मनातच पुरे करीत आणि आपण पुरे केलेल्यावर निकाल देत. त्यांनी घोड्यांची पागा वाढविली, हत्तींचा पीलखाना बांधिला, आणि मग समुद्रापलीकडे माणसे विमानांत बसोन लढू लागली हे ऐकोन आपल्या राज्यातही गगनपागा उभी केली. तिचे यंत्रनवीस अंताजी केशव, ज्यांस सर्व लोक अंताजीपंत म्हणत. पंत परमुलखी राहोन यंत्रविद्या शिकोन आलेले, बुद्धीचे तल्लख, हात काळे करावयास न लाजणारे, परंतु बोलणे असे की कारखान्याबाहेरच्या माणसाने डोके धरावे. मनात दहा वाक्ये चालत आणि तोंडातोन एक येई, आणि तेही मधले. पहिले विमान सिद्ध जाहले तेव्हा त्यात बसावयास कोणी पुढे होईना. मोठमोठे सरदार आभाळाकडे पाहात आणि मग घरी काम निघाले म्हणत. तेव्हा घोडपागेचे शिलेदार सुभानराव पवळे घोड्यावरोन उतरले, विमानाभोवती एक फेरी मारिली, पंख्यास हात लावोन पाहिला आणि बोलिले, “पंत, हे लाथ तर मारीत नाही ना? मग झाले तर!” आणि बसले, आणि उडाले, आणि धडधाकट खाली उतरले. पंतांनी सर्वांदेखत त्यांस मिठी मारिली आणि ढसढसा रडले. त्या दिवसापासोन दोघांची मैत्री अशी जडली की एक जेवावयास बसला की दुसऱ्याचे पान आपोआप मांडावे.

गगनपागेत एक चाल पडली होती, ती येथे सांगणे जरूर. विमानास स्वाराच्याच नावाने म्हणत. “सुभानरावांस तेल घाला,” “सुभानरावांचे चाक काढा,” “सुभानराव आज खोकतात, पोट उघडोन पाहा,” असे मेस्त्री लोक दिवसभर बोलत, आणि सुभानराव शेजारी उभे राहोन हसत. दुसरी गोष्ट नाकाची. विमानाच्या पोटात यंत्र तापते, त्यास निववावयास त्याच्या अंगातोन पाणी खेळवितात, आणि ते तापले पाणी पुढे नाकातील जाळीत येऊन वाऱ्याने थंड होऊन परत जाते. परंतु डोंगरातला वारा इतका बोचरा की जाळीतच पाणी गोठावयाचे भय. म्हणोन पंतांनी नाकावर पितळी मुखपट बसविला, त्यास वाऱ्यापुरत्या बारीक फटी ठेविल्या, आणि त्यावर राज्याचे चिन्ह जो उगवता सूर्य तो स्वहस्ते ठोकोन काढिला. महाराज ते काम पाहोन इतके खूश जाहले की हातातले कडे काढोन पंतांस दिले. पंतांच्या मंडळी घरी म्हणत, “पोटच्या पोरीच्या नाकाकडे इतके पाहिले असतेत तर तिचे लग्न केव्हाच जमले असते!”

मग पश्चिमेच्या रेताड परगण्यात लढाई उभी राहिली. तेथे गोडविहीर म्हणोन ठाणे. सभोवार वाळू, आणि त्या सगळ्या वाळूत गोड्या पाण्याची विहीर ती एकच. विहीर गेली तर ठाणे गेले, ठाणे गेले तर परगणा गेला, हे पोरासही कळे. पलीकडल्या सरकारचे विमान रोज बरोबर भर मध्यान्ही येई, विहिरीच्या रोखाने बाँब टाकी आणि निवांत निघोन जाई. सकाळी येत नसे, सायंकाळी येत नसे. कारण त्यास पक्के ठाऊक जाहले होते की घाटमाथ्याची विमाने उन्हे चढली की उडत नाहीत. सुभानरावांस हे सोसवेना. एके दिवशी ते उन्हाची पर्वा न करिता उडाले आणि त्याचे पाठीस लागले. शत्रू हाताशी आला इतक्यात त्यांच्या विमानाच्या नाकातोन पांढरी वाफ निघाली, जाळीतले पाणी उकळोन उडाले, यंत्र धापा टाकू लागले. आणखी पळभर पुढे जाते तर यंत्र जागीच आवळोन विमान दगडासारखे पडते. सुभानरावांनी दात-ओठ खात तोंड फिरविले आणि कसेबसे ठाण्यापाशी येऊन वाळूत उतरले. परंतु खालोन पाहणारांनी काय पाहिले? शत्रू समोर असता आपला शिलेदार पाठ फिरवून आला, इतकेच पाहिले, आणि तेच राजधानीस कळविले.

दरबार भरला. महाराज कष्टी होऊन बसले होते. सुभानरावावर त्यांचाही लोभ होता. त्यांनी अंताजीपंतांस पुढे बोलाविले आणि म्हणाले, “पंत, तो तुमचा मित्र खरा. पण आज मैत्री बाजूस ठेवा आणि खरे ते सांगा. सुभानराव माघारी का आला?” पंतांच्या डोक्यात आठ दिवस त्या जाळीवाचोन दुसरे नव्हते. ते हात जोडोन एकदम बोलिले, “महाराज, पाणी राहिले नाही.” दरबारात हाय हाय जाहली. तलवारीचे पाणी, घोड्याचे पाणी, मर्दाचे पाणी, एवढेच त्या मंडळीस ठाऊक. जाळीतले पाणी कोणास ठाऊक असणार? महाराज म्हणाले, “सुभानरावाचे?” पंत म्हणाले, “आधी सुभानरावांचेच गेले. बाकीच्यांचे राहील अशीही खात्री देववत नाही. त्या मुलखाचा गुणच तसा.” महाराज म्हणाले, “येथे असता तर भरपूर होते!” पंत म्हणाले, “येथे थंडाव्यात सर्वांचेच राहते, महाराज. खरी परीक्षा तिकडे.” हे बोल ऐकोन मोठमोठ्यांच्या माना खाली गेल्या. मग महाराजांनी खोल आवाजात पुसिले, “उपाय?” आपण रात्रंदिवस ठोकोन घडविलेला तो पितळी सूर्य पंतांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. डोळे पुसोन ते म्हणाले, “नाक कापल्यावाचोन इलाज नाही. माझ्या हातून हे व्हावे असे कधी मनात आले नव्हते. पण आधी सुभानरावांचे कापावे, मग इतरांचे पाहता येईल.” जिवलग मित्र रडत रडत असे सांगतो, याहोन मोठा पुरावा तो कोणता? महाराजांनी दीर्घ श्वास सोडिला आणि म्हणाले, “कापा.” पंतांनी लवोन मुजरा केला, आणि परवानगी मिळाली या आनंदात हसत बाहेर पडले. ते हसणे पाहोन कारभारी शेजारच्याच्या कानात म्हणाले, “माणूस ओळखावा कसा हो!”

पंत त्याच दिवशी पत्रा कापावयाच्या कात्र्या, कानस, डाक लावावयाचे सामान आणि दोन मेस्त्री बरोबर घेऊन निघाले. आगगाडी जेथवर तेथवर आगगाडीने आणि पुढे उंटावरोन, अंग आंबोन गेले तरी मनात एकच घोकणी, की नाक मोठे करू, वारा भरपूर घेऊ, पाणी निवेल. गोडविहिरीस दाखल जाहले तो सुभानराव धावत आले, गळामिठी पडली. “पंत, आलात! आता बघतो त्याच्याकडे.” पंतांनी आल्या पावली मुखपट उतरविला. सूर्य मधोमध कापला तेव्हा कात्रीबरोबर त्यांच्याही जिवाचे दोन तुकडे जाहले. नाक उघडे जाहले, जाळी दुप्पट मोठी बसविली, आणि दुसरे दिवशी उन्हे तापू लागताच सुभानराव परीक्षेस उडाले. ठाण्याभोवती एक फेरा, दुसरा फेरा, आणि तिसऱ्या फेऱ्यास पुन्हा ती पांढरी वाफ! उतरोन पाहातात तो पाणी पूर्वीसारखेच उडालेले. पंत वाळूत बसले. एवढे मोठे तोंड, समोरोन येणारा एवढा सोसाट्याचा वारा, आणि निवत नाही म्हणजे काय? त्यांनी जाळी उलटी-सुलटी करोन पाहिली, नळ्या फुंकोन पाहिल्या, काही दोष सापडेना. सुभानराव म्हणाले, “होईल पंत. तुम्ही आलात तेव्हाच अर्धे झाले.” ते शब्द पंतांस टोचले, कारण उरलेले अर्धे कोठे आहे ते त्यांस दिसत नव्हते.

आणि अशा समयी सांडणीवरोन राजधानीचा चोपदार आला. त्याने सर्व स्वारांस रांगेने उभे केले, सुभानरावांस पुढे बोलाविले, आणि खड्या आवाजात महाराजांची आज्ञा सुनाविली, की सुभानराव पवळे यांचे पाणी राहिले नाही ऐसे यंत्रनवीस अंताजीपंत यांनी भर दरबारी साक्ष दिली, नाक कापावे ऐसेही त्यांनीच सुचविले, सबब शिलेदारी उतरविली, तलवार जप्त, उडावयास मनाई, चार दिवसांत ठाणे सोडावे. सगळे ठाणे गार पडले. सुभानरावांनी स्वतःच्या हातांनी कमरेची तलवार सोडिली, छातीवरचा सूर्याचा बिल्ला काढिला, चोपदाराच्या हाती दिला, आणि मग फक्त एकदा पंतांकडे पाहिले. पंत सांगत, की जन्मात पुष्कळांच्या शिव्या खाल्ल्या, पण तशी नजर कोणाची खाल्ली नाही. त्यांस आधी काही उमजेना. मग दरबारातले एकेक वाक्य आठवू लागले, पाणी राहिले नाही, आधी सुभानरावांचे गेले, नाक कापावे, आणि जसजसे आठवे तसतसे पायांखालची वाळू सरकू लागली.

सुभानराव आपल्या डेऱ्यात गेले. पंत मागोमाग शिरले. आत उकाडा असा की श्वास अडावा. पंतांनी डेऱ्याचे पुढचे दार पुरते वर बांधिले, तरी वाऱ्याची झुळूक आत येईना. “राव, ऐका माझे,” पंत म्हणाले. “काय ऐकू?” सुभानराव ओरडले. “पहिल्या दिवशी तुमच्या त्या भुतावर बसलो तेव्हा मला कोणी साक्षीदार लागला होता काय? गावात माझी म्हातारी आई आहे, पंत. उद्या पाणवठ्यावर बायका तिला काय म्हणतील? पोरगा पळून आला म्हणतील! आणि सांगितले कोणी? तुम्ही!” पंत म्हणाले, “मी विमानाचे सांगत होतो हो! तुम्हांस ठाऊक आहे ना, आपण विमानास तुमच्याच नावाने…” “दरबारास ठाऊक आहे काय?” सुभानराव म्हणाले. “दरबारास तुम्ही सांगितलेत काय?” पंत पुढच्या दारात जाऊन उभे राहिले, घाम गळत राहिला. “आता ऐका,” सुभानराव म्हणाले. “मध्यान्ह होत आली. तो येईलच. मी जातो, त्यास गाठतो, पाणी असो की नसो. परत येणार नाही. मग कोणी म्हणू नये की पाठ फिरविली.” असे बोलोन ते पुढच्या दाराने गेलेच नाहीत. पुढच्या दारात पंत उभे होते, त्यांस हात लावावयाची इच्छा नव्हती. संतापाने मागची कनात दोन्ही हातांनी फाडिली आणि तिकडोन बाहेर पडले.

आणि कनात फाटताक्षणी वारा आला. पुढच्या दाराने आत शिरला, पंतांच्या अंगावरोन गेला आणि मागच्या भोकातोन बाहेर पडला. पंतांचा घाम सुकला, अंगरख्याचे सोगे उडाले. पळभर ते तसेच उभे राहिले आणि मग मोठ्याने म्हणाले, “अरे देवा! मी दार उघडिले आणि खिडकी विसरलो!” विमानाचे नाक त्यांनी मोठे केले होते, पण मागे पत्र्याची भिंत सलग. आत शिरलेल्या वाऱ्यास जावयास वाटच नाही, तो आतच कोंडोन तापे, आणि पुढोन येणारा नवा वारा नाकाबाहेरोनच वळसा घालोन निघोन जाई. घाटमाथ्यावर हे कधी कळले नसते, कारण तेथे वारा आत यावा असेच कोणास वाटत नव्हते. पंत धावत सुटले. सुभानराव दुसऱ्याच विमानात चढत होते, ज्याचे नाक अजोन कापले नव्हते. चोपदार लांबोन मनाईच्या आरोळ्या देत होता, त्याचे कोण ऐकतो! पंत जाऊन पंख्याच्या अगदी समोर उभे राहिले. “सुरू करा,” ते म्हणाले. “आधी मला चिरा आणि मग जा. माझ्या एका वाक्याने तुमचा मान गेला, आता जीव जाऊ देणार नाही. उद्या मध्यान्हापर्यंत मला अवधी द्या. पाणी राहिले नाही तर मी स्वतः तुमच्या मागे बसतो, दोघे मिळोन पडू.” सुभानरावांनी यंत्र सुरू केले नाही. वर शत्रूचे विमान घरघरत आले, विहिरीपलीकडे बाँब पडला, वाळूचा लोट उठला, आणि ते निघोनही गेले. मग सुभानराव म्हणाले, “तुम्ही मागे बसलात तर वजन फार होईल, पंत.” आणि खाली उतरले. तेव्हा पंतांचा जीव भांड्यात पडला.

मग पंतांनी जेवणाकडे पाहिले नाही की पाण्याकडे. विमानाच्या नाकामागे दोन्ही गालांवर पत्रा चिरोन त्यांनी माशाच्या कल्ल्यांसारख्या खाचा पाडिल्या, पोटाखाली एक मोठी झडप केली, की वाऱ्याने पुढोन यावे, जाळीतोन जावे, आणि तापला की मागल्या मागे निघोन जावे. राज्याच्या विमानाची ती चाळण पाहोन चोपदाराने कपाळावर हात मारिला. सकाळी त्याने पुन्हा आडकाठी घातली, म्हणाला, “सुभानरावांस उडावयास मनाई आहे.” पंत म्हणाले, “उडताहेत कोठे? उडते विमान. परीक्षेस आत वजन लागते, म्हणोन ते वजन म्हणोन बसताहेत. वजनास मनाई आहे काय?” चोपदार विचारात पडला, आणि तो विचार करितो आहे तोवर सुभानराव चढले, पंखा फिरला, आणि विमान वाळू उडवीत वर गेले.

पंत विहिरीच्या काठावर उभे राहिले. ऊन असे की कठड्याच्या दगडास हात लाववेना. शत्रू आला. रोजची सवय, निर्धास्तपणे खाली उतरला. मध्यान्ही समोरोन विमान येताना पाहोन तो असा दचकला की बाँब लांब वाळूतच टाकिला आणि वळला. सुभानराव मागे लागले. पंतांची नजर शत्रूकडे नव्हतीच. ती त्या कापल्या नाकावर खिळली होती, आता वाफ निघेल, आता निघेल. दोन्ही विमाने लहान होत होत वाळूच्या टेकड्यांपलीकडे दिसेनाशी जाहली. मग आवाजही गेला. स्वार, मेस्त्री, पाणी भरावयास आलेल्या बाया, सगळे उन्हात तसेच उभे. चोपदारही येऊन उभा राहिला आणि कोणी न सांगता त्याने पंतांच्या डोक्यावर आपल्या छत्रीची सावली धरिली. पंत मनात म्हणत होते, देवा, माझे नाक ने, जीभ ने, पण ते यंत्र चालू ठेव. पुष्कळ वेळ गेला. बायांपैकी एकीने डोळ्यांस पदर लाविला. आणि मग टेकड्यांमागोन बारीक घरघर आली, विमान आले, एका अंगास कललेले, पंखात गोळ्यांची भोके पडलेली, पण नाक स्वच्छ. उतरले. पंत धावले, हातास फडके गुंडाळिले, पाण्याचे झाकण हलके हलके फिरविले आणि आत वाकोन पाहिले. सुभानराव वरोनच म्हणाले, “तो पडला टेकड्यांपलीकडे. ते जाऊ द्या. आहे का हो पाणी?” पंत म्हणाले, “आहे, राव. थोडके उणे, बाकी सगळे आहे.” आणि चाकास टेकोन लहान पोरासारखे रडले.

पंत तेच पाणी तांब्यात भरोन, तोंड फडक्याने बांधोन राजधानीस गेले. दरबारात महाराजांनी पुसिले, “पंत, काय आणिलेत?” पंतांनी या वेळी जिभेवर भरवसा ठेविला नाही. चांदीचे तबक मागविले आणि तांब्या त्यात ओतिला. तांबूस, तेलकट, गंजाचा वास येणारे पाणी. “महाराज,” पंत म्हणाले, “हे सुभानरावांचे पाणी. म्हणजे त्यांच्या विमानाच्या जाळीतले. जे राहिले नाही असे मी बोललो, ते हे. त्यांच्या मर्दानगीबद्दल मी बोललो नव्हतो. आणि जे नाक कापावे म्हटले ते पत्र्याचे, हे असे,” आणि मुखपटाचे दोन अर्धे तबकाशेजारी ठेविले. मग आरंभापासोन शेवटपर्यंत सगळे सांगितले, एकही वाक्य मनात न ठेविता, चोपदार मागे उभा राहोन हो हो म्हणत होता. महाराज त्या पाण्याकडे पाहात राहिले. मग म्हणाले, “पंत, तुम्ही नीट सांगितले नाहीत हे खरे. पण आम्ही पुसिले कोठे?” आणि त्यांनी बिल्ला, तलवार, शिलेदारी सर्व परत देवविले, आणि स्वतःच्या खांद्यावरचा तलम शेला, जो सरदारांसही सहसा मिळत नसे, तो मानाचे वस्त्र म्हणोन चोपदाराच्या हाती सुभानरावांस पाठविला आणि दर्शनास या म्हणोन निरोप दिला.

चोपदार गेला आणि काही दिवसांनी एकटाच परत आला. म्हणाला, “सुभानरावांनी आज्ञा शिरसावंद्य केली, पण आले नाहीत. म्हणाले, मध्यान्हीचा पहारा मोडवत नाही. बिल्ला आणि तलवार घेतली. शेला…” आणि अडखळला. कारभारी म्हणाले, “शेल्याचे काय?” चोपदार म्हणाला, “शेला फाडिला आणि विमानास बांधिला.” कारभारी ताडकन उठले, “महाराजांचे वस्त्र फाडिले!” सरदारांचे हात तलवारींवर गेले. महाराजांचाही चेहरा लाल जाहला, ओठ हालले. परंतु त्यांची दृष्टी त्या दिवसापासोन सिंहासनाशेजारी टांगलेल्या त्या कापल्या पितळी सूर्यावर गेली, आणि ते थांबले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे काय?” चोपदार म्हणाला, “महाराज, यंत्र नाकाखालच्या नळीने श्वास घेते, त्यात बारीक वाळू जाऊन ते आतोन घासते. तारेच्या जाळीतोन ती वाळू गाळली जात नाही. असे तलम कापड त्या मुलखात मिळत नाही. म्हणोन सुभानरावांनी शेला माथ्यास लाविला, चार पदर फाडिले, त्या नळीच्या तोंडावर बांधिले, आणि मला म्हणाले, महाराजांस सांगा, माझे नाक राहावे म्हणोन या विमानाचे गेले, तेव्हा मानाचे वस्त्र याचे.” अंताजीपंत खाली मान घालोन उभे होते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवोन महाराजांनी कारभाऱ्यांस विचारिले, “गोडविहिरीस विमाने किती?” आणि म्हणाले, “तितके शेले पाठवा. आमचेच.”

सारांश, गगनपागेची सर्व विमाने नकटी जाहली, गालांवर खाचा पडल्या, आणि त्या रेताड परगण्यात मध्यान्ही उडू लागली. विहीर राहिली, ठाणे राहिले, सुभानरावांचे आणि पंतांचे पान पुन्हा शेजारी मांडले जाऊ लागले. दरबारात “म्हणजे काय” हे पुसावयास निराळा कामगार नेमावा ऐसे कारभाऱ्यांनी सुचविले, परंतु महाराजांनी ते काम स्वतःकडेच ठेविले. येणेप्रमाणे जैसे जाहले तैसे लिहिले. कोठे अर्थ लागला नाही तर वाचणाराने रागे भरण्याआधी पुसावे, ही विनंती.